ब्रिटनमधल्या घराच्या बागेत देशी हॉथॉर्न: रोप निवडण्यापासून कुंपण भरेपर्यंत

ब्रिटनमध्ये बाग असलेले घर घेतले की पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत लाकडी फळ्यांच्या कुंपणाचा प्रश्न उभा राहतो. वादळी वाऱ्यात एखादा खांब जमिनीलगत कुजून मोडतो, शेजारी आणि आपण खर्चाची वाटणी करतो, आणि पुढच्या खेपेला दुसरा खांब मोडतो. त्यावर जिवंत कुंपण हा उपाय अनेकांना सुचतो, परंतु उद्यान केंद्रात गेल्यावर लॉरेल, प्रिव्हेट किंवा लेलँडाय यांपैकी काहीतरी घेऊन ते परततात. माझा आग्रह हॉथॉर्नसाठी आहे. हे याच भूमीतले, गुलाबाच्या कुळातले काटेरी झाड आहे. सफरचंद आणि नासपती ही त्याची भावंडे होत. मे महिन्यात ते पांढऱ्या फुलांनी भरते, सप्टेंबरपासून त्यावर लाल फळे पिकतात, आणि वूडलँड ट्रस्ट या झाडे-जंगले जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या माहितीनुसार तीनशेहून अधिक जातींच्या कीटकांना ते आधार देऊ शकते. लावायलाही ते सोपे आहे. अडचण पुढे येते ती कात्री आवरण्याची, आणि म्हणूनच या लेखात छाटणीला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

पुढील माहिती मुख्यतः इंग्लंडमधील घरबागेसाठी आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये कायद्याचे तपशील काही ठिकाणी वेगळे आहेत, झाडाचा स्वभाव मात्र तोच आहे.

1. कोणते हॉथॉर्न घ्यावे

ब्रिटनमध्ये हॉथॉर्नच्या दोन जाती मूळच्या आहेत. सर्वत्र दिसणारी ती साधी जात, म्हणजे क्रेटेगस मोनोगायना. तिची पाने खोलवर कातरलेली असतात आणि फळात एकच बी असते. दुसरी मिडलँड हॉथॉर्न, म्हणजे क्रेटेगस लीव्हिगाटा. तिची पाने उथळ कातरलेली आणि अधिक गोलसर असतात, फळात बहुधा दोन किंवा तीन बिया निघतात, आणि ती सावली व भारी चिकणमाती अधिक सोसते. दोन्हींचा संकर निसर्गतःच होतो, त्यामुळे रानातल्या एखाद्या झाडावर नेमके बोट ठेवता आले नाही तर त्याचे वाईट वाटून घेऊ नये. घरच्या कुंपणासाठी मोनोगायना निवडावी. बाग मोठ्या झाडांच्या सावलीत असेल तरच मिडलँडचा विचार करावा.

येथे पहिला सापळा आहे. उद्यान केंद्रात मे महिन्यात गडद गुलाबी, भरगच्च दुहेरी पाकळ्यांचे एक झाड मांडलेले असते. ते बहुधा ‘पॉल्स स्कार्लेट’ असते. दिसायला ते देखणे आहे, यात वाद नाही. परंतु दुहेरी फुलांत मधमाश्यांच्या हाती फारसे काही लागत नाही आणि मागाहून फळेही जवळजवळ धरत नाहीत. पक्षी आणि कीटकांसाठी झाड लावायचे असेल तर पाच पाकळ्यांचे, साधे, पांढरे फूलच हवे. असे फूल जवळून पाहावे: मध्यभागी हिरवट मधुकोश, भोवती वीसच्या आसपास पुंकेसर, आणि फूल ताजे असेल तर त्यांच्या टोकांवर गुलाबी परागकोश, जे एक-दोन दिवसांत काळपट पडतात. वास घेतला तर गोडसरपणामागे एक कुबट छटा जाणवते. ट्रायमिथिलअमाइन नावाच्या रसायनामुळे ती येते, आणि हेच रसायन मांस कुजू लागताना तयार होते. माश्यांना हा वास आवडतो, म्हणून परागीभवनात त्यांचाही मोठा वाटा असतो. हॉथॉर्नची फुले घरात आणू नयेत, आणल्यास घरात मृत्यू होतो, अशी इथली जुनी समजूत या वासातूनच रुजली असावी. समजूत मानावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. बैठकीच्या खोलीत मात्र ही फुले मीही ठेवणार नाही.

ब्लॅकथॉर्न हे याच कुंपणांतले दुसरे काटेरी झाड आहे. मार्च-एप्रिलमध्ये पानांआधी फुले आली तर ते ब्लॅकथॉर्न, आणि पाने फुटून गेल्यावर मे महिन्यात फुले आली तर हॉथॉर्न. हा भेद लागवडीआधी पक्का करून घ्यावा, कारण ब्लॅकथॉर्न मुळांतून फुटवे काढत हिरवळीत शिरते आणि लहान बागेत त्याला आवरणे कठीण जाते.

2. जागा, हद्द आणि कागदपत्रे

हॉथॉर्नला जमिनीचे फार कौतुक लागत नाही. चुनखडीच्या जमिनीपासून चिकणमातीपर्यंत ते कुठेही वाढते, फक्त हिवाळाभर पाणी साचून राहणारी जागा त्याला चालत नाही. ऊन जितके जास्त, तितकी फुले आणि फळे जास्त. खड्डा खणण्याआधी खालील गोष्टी हाताशी ठेवाव्यात.

- घराचा टायटल प्लॅन, म्हणजे मालकीच्या जागेचा नोंदणीकृत नकाशा. लँड रजिस्ट्री या सरकारी जमीन-नोंदणी कार्यालयाकडून तो थोडे शुल्क भरून ऑनलाइन मिळतो. त्यावरील लाल रेषा सर्वसाधारण हद्द दाखवते, इंचाइंचाची नाही. म्हणून रोपे हद्दीपासून निदान अर्धा मीटर आत लावावीत. शेजाऱ्याच्या बाजूला झुकलेल्या फांद्या हद्दीपर्यंत छाटण्याचा त्याला हक्क आहे, आणि त्याच्या भागात काटे पडून मुलाच्या सायकलचे चाक पंक्चर झाले की संबंध बिघडतात.
- घराच्या खरेदीची कागदपत्रे. नव्या वसाहतींमध्ये समोरच्या अंगणात कुंपण किंवा झुडपांची रांग लावण्यास मनाई करणारी अट त्यात असू शकते. वकिलाने दिलेल्या जाडजूड फाइलमध्ये ‘कोव्हेनंट’ या शब्दाखाली ती शोधावी.
- भाड्याचे घर असल्यास घरमालकाची लेखी परवानगी. तोंडी होकारावर विसंबू नये.
- गॅस, वीज आणि सांडपाण्याच्या वाहिन्या कुठून जातात याची माहिती.

दुसरा सापळा चिकणमातीचा. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधील चिकणमाती उन्हाळ्यात पाणी गेले की आकसते आणि पाया खचून भिंतींना तडे जाऊ शकतात. नव्या घरांच्या बांधकामाचे निकष ठरवणाऱ्या एनएचबीसी या संस्थेच्या यादीत हॉथॉर्नची गणना ओक, पॉप्लर आणि विलो यांच्याबरोबर जास्त पाणी ओढणाऱ्या झाडांत केली आहे. एवढेसे झाड या यादीत पाहून आश्चर्य वाटते, पण ते आहे. म्हणून अशा जमिनीत मोकळे वाढणारे झाड घरालगत मुळीच लावू नये. ते बागेच्या दूरच्या टोकाला न्यावे, आणि घराच्या विम्याच्या कागदांत झाडांविषयी काय म्हटले आहे तेही वाचून घ्यावे.

उंच कुंपणाविरुद्ध शेजाऱ्याला नगरपालिकेकडे तक्रार करता येते, असे तुम्ही ऐकले असेल. 2003 च्या त्या कायद्यातील तरतूद सदाहरित किंवा निमसदाहरित कुंपणापुरती आहे. हॉथॉर्नची पाने हिवाळ्यात गळतात, त्यामुळे ते तिच्या कक्षेत येत नाही. तरीही लावण्याआधी शेजाऱ्यांशी चार शब्द बोलून घ्यावेत.

3. रोपे कधी आणि कुठून घ्यावीत

नोव्हेंबर ते मार्च या काळात, झाड निद्रिस्त असताना, रोपवाटिका मातीविना उघड्या मुळांची रोपे विकतात. त्यांना ‘बेअर-रूट’ म्हणतात. कुंडीतल्या रोपाच्या तुलनेत यांची किंमत फारच थोडी असते, आणि ती लवकर रुळतातही. चाळीस ते साठ सेंटिमीटर उंचीची रोपे पुरेशी असतात. दीड मीटरची रोपे घेतल्यास कुंपण लवकर तयार होईल असे वाटते, परंतु मोठ्या रोपाची मुळे उपटताना अधिक तुटतात आणि ते वर्षभर रुसून बसते. तेवढ्या वेळात लहान रोप त्याला गाठते.

रोपवाटिकेला एक प्रश्न अवश्य विचारावा: बी कुठले आहे? युरोपातल्या इतर देशांतून आणलेल्या बियांची रोपेही जातीने हॉथॉर्नच असतात, परंतु त्यांची पालवी आणि फुलोरा यांचे वेळापत्रक इथल्याहून वेगळे असू शकते, आणि इथल्या कीटकांचे जीवनचक्र इथल्या वेळापत्रकाला जुळलेले असते. बी ब्रिटन-आयर्लंडमध्येच गोळा केलेले आणि रोपही इथेच वाढवलेले असल्याची हमी देणारी ‘यूकेआयएसजी’ ही योजना आहे. रोपवाटिका त्यात सहभागी आहे का ते पाहावे. वूडलँड ट्रस्ट शाळांना आणि सार्वजनिक गटांना रोपांचे संच विनामूल्य देते. ते खासगी बागांसाठी नसतात, पण तुमच्या महाराष्ट्र मंडळाला किंवा मुलांच्या शाळेला एखादी मोकळी जागा मिळाली असेल तर अर्ज जरूर करावा.

किती रोपे लागतील याचा हिशेब सोपा आहे. एकेरी ओळीत दर मीटरला तीन, म्हणजे साधारण तीस-पस्तीस सेंटिमीटरवर एक. दाट कुंपण हवे असेल तर जोडओळ: दोन ओळींत चाळीस सेंटिमीटर अंतर, ओळीतल्या दोन रोपांतही तेवढेच, आणि दुसऱ्या ओळीतले रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध. यात मीटरला पाच रोपे बसतात, म्हणजे दहा मीटरच्या कुंपणाला पन्नास. मरतुकीसाठी थोडी जास्त मागवावीत.

सगळी रोपे हॉथॉर्नचीच हवीत असे नाही. साधारण निम्म्याहून थोडी जास्त हॉथॉर्न आणि उरलेली हेझल, फील्ड मेपल, होली, डॉग रोझ व गेल्डर रोझ असे मिश्रण केले तर फुलांचा आणि फळांचा हंगाम लांबतो.

4. लागणारे साहित्य

रुंद सपाट पात्याचे फावडे, दोरी आणि दोन खुंट्या, धारदार सिकेटर (छाटणीची हातकात्री), आच्छादनासाठी लाकडाचा चुरा किंवा कंपोस्ट, सशांचा उपद्रव असल्यास खोडाभोवती घालायच्या साठ सेंटिमीटर उंचीच्या प्लास्टिकच्या गुंडाळ्या आणि त्यांना आधाराच्या बांबूच्या काठ्या, आणि मनगटाच्या वरपर्यंत येणारे जाड चामडी हातमोजे. विणलेले मोजे इथे निरुपयोगी आहेत. हॉथॉर्नचा काटा खोल शिरून टोक आत मोडले तर जखम चिघळते, आणि बोटाच्या सांध्याजवळ शिरला तर सांधाही सुजतो. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. धनुर्वाताची लस घेतलेली आहे ना, हे बागकामाआधीच तपासून ठेवावे.

5. लागवड

रोपांचा गठ्ठा आल्यावर प्रथमदर्शनी निराशा होते. पिशवीत तपकिरी काड्या आणि खाली विस्कटलेल्या मुळांचा जुडगा, एवढेच असते. जिवंतपणाची खात्री करायची तर एका काडीची साल नखाने हलकेच खरवडावी. आत ओला हिरवा थर दिसला म्हणजे रोप ठणठणीत आहे.

मुळे सुकणे हा या टप्प्यावरील सर्वांत मोठा धोका आहे. कोरड्या वाऱ्यात मुळे थोडा वेळ जरी उघडी राहिली तरी तंतुमुळे मरतात, आणि रोप मेल्याचे मे महिन्यात पालवी फुटली नाही की कळते. म्हणून लागवडीच्या वेळी गठ्ठा पिशवीतच ठेवावा आणि एकेक रोप काढून लगेच लावावे. गठ्ठा आला आणि जमीन गोठलेली किंवा चिखलाने भरलेली असेल, तर बागेच्या एका कोपऱ्यात तिरका चर काढून सगळी रोपे त्यात मुळांपुरती पुरून ठेवावीत. अशी ती काही आठवडे सुखाने राहतात.

लागवडीच्या पट्ट्यातील गवत आधी काढून टाकावे. दोरी ताणून ओळ आखावी. मऊ जमिनीत खड्डा खणण्याचीही गरज नसते: फावड्याचे पाते सरळ आत घालून मागे-पुढे हलवले की फट पडते, तीत मुळे सोडावीत, रोप किंचित वर ओढून मुळे सरळ करावीत आणि टाचेने माती घट्ट दाबावी. चिकणमातीत मात्र अशी फट उन्हाळ्यात पुन्हा उघडते आणि मुळे उघडी पडतात. तिथे लहान खड्डाच खणावा. खोडावर मातीची जुनी खूण दिसते, तीच पातळी राखावी, त्याहून खोल पुरू नये. खड्ड्यात शेणखत किंवा रासायनिक खत घालण्याचा मोह टाळावा.

आता मन घट्ट करण्याचे काम. कुंपणासाठी लावलेले प्रत्येक रोप जमिनीपासून पंधरा ते तीस सेंटिमीटरवर छाटून टाकावे. नुकतेच विकत घेतलेले रोप असे बुटके करताना हात अडखळतो, परंतु ही छाटणी केली नाही तर रोप सरळ उंच जाते, खालचा भाग उघडा राहतो, आणि पुढे मांजरच काय, कोल्हाही त्यातून आरामात ये-जा करतो. छाटल्यावर बुंध्यापासून अनेक फुटवे निघतात आणि कुंपण तळापासून भरते. एकटे झाड म्हणून वाढवायचे असेल तर ही छाटणी करू नये.

6. पहिले दोन उन्हाळे

लहान हॉथॉर्नचा खरा शत्रू गवत आहे. रोपाभोवतीचा निदान अर्ध्या मीटरचा पट्टा पहिली दोन-तीन वर्षे गवतमुक्त ठेवावा आणि त्यावर पाच-सात सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे, फक्त ते खोडाला चिकटू देऊ नये. पाऊस रोजचाच असल्यासारखे वाटणाऱ्या या देशातही मे ते ऑगस्टमध्ये कोरडे आठवडे येतात. तेव्हा रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. प्लास्टिकच्या गुंडाळ्या खोड जाड होऊ लागताच काढून टाकाव्यात.

7. छाटणी: कात्री कधी उचलावी आणि कधी ठेवावी

हॉथॉर्नची फुले जुन्या लाकडावर येतात. चालू हंगामात फुटलेल्या कोवळ्या फांदीवर त्याच वर्षी फूल येत नाही. याचा अर्थ असा की, दर वर्षी चारी बाजूंनी काटेकोर कापलेल्या कुंपणाला फुले जवळजवळ येतच नाहीत, आणि फुले नाहीत म्हणजे फळेही नाहीत. रस्त्याकडेची कित्येक हॉथॉर्नची कुंपणे याच कारणाने भिंतीसारखी हिरवी आणि कोरडी दिसतात.

पहिली दोन-तीन वर्षे आकार देण्यासाठी हिवाळ्यात शेंडे आणि बाजू थोड्या छाटाव्यात, जेणेकरून फुटवे वाढतील. कुंपण भरले की दोन किंवा तीन वर्षांतून एकदाच छाटावे. लहान बागेत एवढे मोकळे वाढू देणे शक्य नसेल, तर एका वर्षी एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी बाजू आणि तिसऱ्या वर्षी माथा, अशी पाळी लावावी. म्हणजे प्रत्येक वसंतात कुठल्या ना कुठल्या भागावर फुलोरा राहतो. आकार तळाशी रुंद आणि वर निमुळता ठेवावा, नाहीतर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि बुंधा उघडा पडतो.

छाटणीची वेळ जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी. शरद ऋतूत बाग ‘स्वच्छ’ करण्याच्या भरात अनेकजण ऑक्टोबरमध्येच कात्री चालवतात, आणि नेमकी त्याच सुमारास रेडविंग आणि फील्डफेअर हे कस्तुर कुळातले पाहुणे उत्तर युरोपातून ही फळे खायला येत असतात. इथले ब्लॅकबर्ड आणि कस्तुरही थंडीत याच फळांवर गुजराण करतात. जमिनीवर गळलेली फळे उंदीर नेतात. फळे संपली, की मग कात्री.

मार्च ते ऑगस्ट हा विणीचा हंगाम. शेतजमिनीवरील कुंपणे 1 मार्च ते 31 ऑगस्ट या काळात छाटण्यास इंग्लंडमध्ये 2024 च्या नियमांनी मनाई आहे. घरबागेला तो नियम लागू नाही, परंतु 1981 च्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेश कायद्यानुसार वापरात असलेले किंवा बांधले जात असलेले घरटे जाणूनबुजून मोडणे हा गुन्हा आहे, आणि दाट हॉथॉर्नमधले घरटे बाहेरून दिसत नाही. माळी बोलावला असेल तर त्यालाही हे स्पष्ट सांगावे. जून महिन्यात यंत्र घेऊन दारात उभा राहणारा माळी तुमच्याच सांगण्यावरून काम करत असतो.

मोकळे झाड असेल तर छाटणी जवळजवळ लागतच नाही. वाळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढल्या की पुरे. संरक्षित परिसरात, म्हणजे ‘कॉन्झर्व्हेशन एरिया’त घर असेल आणि खोडाचा व्यास दीड मीटर उंचीवर 75 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर झाड छाटण्यापूर्वी नगरपालिकेला सहा आठवड्यांची पूर्वसूचना द्यावी लागते.

8. रोग आणि कीड

पानांवर पांढरी भुरी किंवा नारिंगी तांबेरा दिसला तर रोपे लहान असल्याशिवाय चिंता करू नये. मे-जूनमध्ये फांद्यांवर कोळिष्टकासारखी जाळी आणि त्यांत सुरवंटांचे पुंजके दिसले, तर ते बहुधा एर्माइन पतंगाचे असतात. काही फांद्या पार उघड्या पडतात, पण त्याच उन्हाळ्यात नवी पालवी येते. या सुरवंटांवर पक्ष्यांची पिल्ले वाढतात. फवारणी करायची असेल तर हे झाड लावण्याचा खटाटोप कशाला करावा?

गंभीर रोग एकच, फायरब्लाइट. हा जिवाणूजन्य करपा ब्रिटनमध्ये प्रथम 1957 मध्ये आढळला. फुले एकाएकी तपकिरी होऊन सुकतात, फांदीचा शेंडा जळल्यासारखा दिसतो, आणि दमट हवेत सालीतून पांढरट चिकट स्राव येतो. साल सोलली तर आत लालसर-तपकिरी डाग दिसतो. डागाच्या खाली लहान फांदी तीस आणि मोठी फांदी साठ सेंटिमीटरपर्यंत निरोगी लाकडातून कापावी आणि प्रत्येक कापानंतर सिकेटर निर्जंतुक करावे. शेजारी सफरचंदाची किंवा नासपतीची झाडे असतील तर हयगय करू नये, कारण हा रोग त्यांनाही होतो.

9. फळांविषयी आणि बियांविषयी

फळांची जेली इथे पूर्वापार करतात. गर पिठूळ आणि चवीला बेताचाच असतो. बिया मात्र खाऊ नयेत, त्यांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. हॉथॉर्नचा अर्क हृदयासाठी चांगला म्हणून विकला जातो. घरातील वडीलधाऱ्यांना डिगॉक्सिन, बीटा-ब्लॉकर किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना असा अर्क किंवा काढा देऊ नये.

बियांपासून रोपे करायची असतील तर संयम हवा. पिकलेली फळे कुस्करून गर धुऊन काढावा, बिया ओलसर वाळूत मिसळून तळाला भोके असलेल्या कुंडीत भराव्यात, उंदरांपासून बचावासाठी वर जाळी बांधावी आणि कुंडी घराबाहेर सावलीत ठेवावी. बीला एक उन्हाळा आणि दोन हिवाळे काढावे लागतात, म्हणजे सुमारे अठरा महिने. पहिल्या वसंतात काही उगवले नाही म्हणून कुंडी रिकामी करू नये. गावी लावण्यासाठी म्हणून या बिया भारतात नेण्याचा विचारही करू नये: परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बी नेता येत नाही, आणि महाराष्ट्राच्या हवेत या बियांना लागणारी दीर्घ थंडी मिळणार नाही. तिकडच्या बांधाला काटेरी, फुलणारे आणि पाखरांना फळ देणारे कुंपण हवे असेल तर करवंद लावावे.